अमेरिकेत गर्भपात हा दर निवडणुकीतला मुद्दा का असतो? सगळे ख्रिस्ती त्यावरूनच मत देतात का?

नाही, सगळे ख्रिस्ती त्यावरून मत देत नाहीत. आणि 'धर्मात बंदी आहे म्हणून विरोध' हे तुम्ही प्रश्नात धरून चालला आहात, त्यातून निवडणुकीचं फारसं काही उलगडत नाही. श्रद्धा जुनी आहे. ती मतपेटीपर्यंत पोचवण्याचं काम मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतलं आहे आणि ते माणसांनी ठरवून, चर्चच्या दारादारात उभं राहून केलेलं आहे. मी बरीच वर्षं कॅन्सस राज्यात ओव्हरलँड पार्कला राहते, इथली मतदार आहे, निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर कामही करते. म्हणून अख्ख्या अमेरिकेचं न सांगता जास्त करून कॅन्ससचंच सांगते. या राजकारणाची जवळजवळ सगळी वळणं इथे पाहायला मिळतात.

आपल्याला हे सगळं परकं वाटतं, त्यालाही कारण आहे. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला. त्याआधी १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बायका चोरून गर्भपात करायला जातात आणि जिवाला मुकतात, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. त्यावर कोणी निवडणूक लढवली नाही. पुढे महाराष्ट्रात वाद पेटला तो गर्भलिंगनिदानावरून, आणि १९८८ चा कायदा आला. त्यामुळे गर्भपात म्हटलं की आपल्या डोक्यात 'मुलगी नको' हा विषय येतो. अमेरिकेतलं भांडण त्या वाटेने गेलेलंच नाही.

तिथे २२ जानेवारी १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. सात विरुद्ध दोन. त्या सातांपैकी पाच न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते, आणि विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक, बायरन व्हाइट, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नेमलेले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना रोनाल्ड रेगन यांनी १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. म्हणजे तेव्हा पक्ष आणि हा प्रश्न यांची आजची जोडी, म्हणजे रिपब्लिकन विरोधात आणि डेमोक्रॅट हक्काच्या बाजूने, जुळलेलीच नव्हती.

चर्चचंही तेच. कॅथलिक चर्चचा विरोध पहिल्यापासून ठाम होता, त्यात शंका नाही. पण देशातला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट. त्यांनी १९७१ च्या सेंट लुइसच्या अधिवेशनात ठराव केला, की बलात्कार, गर्भात गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका अशा स्थितीत गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत. नऊ वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच पंथाने ठराव केला तो आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद ठेवून गर्भपातावर कायद्याने किंवा घटनादुरुस्तीने बंदी घालावी असा. बायबल तेच होतं. मधल्या नऊ वर्षांत काय झालं, ते बघायला हवं.

१९७४ ची कॅन्ससची सिनेटची निवडणूक घ्या. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणारं वॉटरगेट प्रकरण नुकतंच झालेलं, रिपब्लिकन पक्षावर लोक चिडलेले, आणि त्याच पक्षाचे सिनेटर बॉब डोल यांची जागा धोक्यात. समोर होते टोपिका शहराचे डेमोक्रॅट बिल रॉय. बाळंतपणं करणारे डॉक्टर, हजारो बाळं त्यांच्या हातून जन्मलेली, आणि वैद्यकीय कारणासाठी काही गर्भपातही केलेले. जाहीर वादसभेत डोल यांनी तोच विषय काढला. मग मतदानाच्या आधीच्या रविवारी कॅथलिक चर्चच्या वाहनतळांवर, लोक आत मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, ऐकत असताना, गाड्यांच्या काचांवर पत्रकं लावली गेली. बाहेर आलेल्या माणसाच्या हातात सोमवार एवढा एकच दिवस. खुलासा करायला रॉय यांना वेळच उरला नाही. डोल साडेतेरा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले. ती पत्रकं नसती तर निकाल फिरला असता का, यावर इथली जुनी माणसं अजून वाद घालतात. पण पद्धत सापडली होती. १९७८ मध्ये आयोवा राज्यात सिनेटर डिक क्लार्क यांच्या विरोधात पुन्हा तेच झालं, रविवारी वाहनतळ आणि मंगळवारी मतदान. क्लार्क पडले.

दरम्यान १९७५ मध्ये कॅथलिक बिशपांनी एक योजना मंजूर केली होती. त्यात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक मतदारसंघात गर्भपातविरोधी समिती उभी करायला सांगितलं होतं. लक्षात घ्या, धर्मप्रांताच्या हद्दीप्रमाणे नाही, मतदारसंघाच्या हद्दीप्रमाणे. मग इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे, प्रोटेस्टंट आले. त्यांच्या पुढाऱ्यांना आधी खुपत होतं ते वेगळंच. काळ्या-गोऱ्यांत भेद करणाऱ्या ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करसवलत सरकार काढून घेत होतं आणि बॉब जोन्स विद्यापीठाने तर ती गमावलीच होती. तो राग आणि गर्भपाताबद्दलची खरी अस्वस्थता यांत कशाचा वाटा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला स्वतःला दोन्ही खरं वाटतं. पुढारी करांवरून एकत्र आले असतील, पण बाकावर बसणारी साधी माणसं त्यावरून पेटली नसती. त्यांना गर्भातल्या बाळाबद्दल मनापासून वाटत होतं. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाद्री जेरी फॉलवेल यांनी १९७९ मध्ये 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली, आणि १९८० मध्ये या मंडळींनी रेगन यांना निवडून आणण्यात हात लावला. समोर जिमी कार्टर होते, स्वतः बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे. श्रद्धेवरच मत द्यायचं असतं तर कार्टर यांना द्यायला काय हरकत होती?

आता कॅन्ससमधलं विचिटा शहर. १९९१ च्या उन्हाळ्यात 'ऑपरेशन रेस्क्यू' या गर्भपातविरोधी संघटनेचे लोक इथे सहा आठवडे, गर्भपात करणारे डॉ. जॉर्ज टिलर यांच्या दवाखान्यासमोर रस्त्यावर आडवे पडत होते. अडीच हजारांहून जास्त अटका झाल्या. बातम्यांत अटका दिसल्या, पण राजकारणाच्या दृष्टीने त्यानंतरचं काम महत्त्वाचं. आंदोलनातले लोक रिपब्लिकन पक्षाच्या बूथ पातळीच्या पदांवर जाऊन बसले, जिथे कोणी उभंच राहत नसे. तीन वर्षांत त्यांच्याच बळावर टॉड टिहार्ट यांनी अठरा वर्षं खासदार असलेल्या डॅन ग्लिकमन यांना हरवलं. आपल्याकडे शाखाप्रमुख, गटप्रमुख यांच्या जोरावर पक्ष कसा ताब्यात येतो हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

डॉ. टिलर यांना ३१ मे २००९ ला एका गर्भपातविरोधकाने गोळी घालून मारलं. रविवार होता. ते विचिटातल्या लुथरन चर्चमध्ये होते, येणाऱ्यांचं स्वागत करण्याची सेवा त्यांच्याकडे होती. 'ख्रिस्ती विरुद्ध गर्भपात' असं सरसकट बोलणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तो डॉक्टरही ख्रिस्तीच होता आणि दर रविवारी त्याला आपलं म्हणणारी मंडळी होती.

यानंतरची दिशा तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. लढाई न्यायमूर्तींच्या नेमणुकांवर आली. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये स्वतःला गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचं म्हटलं होतं. २०१६ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर कोणाला नेमेन त्या नावांची यादीच जाहीर केली आणि गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहांतल्या आठांनी त्यांना मत दिलं. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या 'डॉब्स' निकालाने 'रो' रद्द झाला आणि प्रश्न राज्याराज्यांवर आला.

त्यानंतरचं पहिलं थेट मतदान कॅन्ससमध्ये होतं, २ ऑगस्ट २०२२ ला. इथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क आहे असं म्हटलं होतं. तो काढून टाकणारी घटनादुरुस्ती विधिमंडळाने लोकांपुढे ठेवली, आणि ती ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत. त्या निवडणुकीत पक्ष आपापले उमेदवार ठरवतात, त्यामुळे कुठल्याच पक्षात नाव नसलेले मतदार एरवी घरी बसतात. डेमोक्रॅटांकडेही चुरस कमीच. तारीख निवडण्यामागे काय हिशेब होता ते तुम्हीच ओळखा.

इथे एक तांत्रिक गोष्ट कळली की बरंच कळतं. करमुक्त चर्चला अमेरिकेत उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, १९५४ पासूनचा नियम आहे. पण प्रश्नावरच्या मतदानात, म्हणजे सार्वमतात, मर्यादेत राहून पैसा घालता येतो. म्हणून पूर्वी 'अमक्याला मत द्या' असं न म्हणता 'कोणाची भूमिका काय' अशी पत्रकं चर्चमध्ये वाटली जात, आणि या वेळी मात्र आमच्याकडच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने 'होय'च्या, म्हणजे हक्क काढण्याच्या, प्रचाराला उघडपणे वीस लाख डॉलरहून जास्त दिले.

त्या दिवशी मी केंद्रावर होते. केंद्र एका चर्चच्या सभागृहात, आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे नेहमीचंच. बाहेर भाजून काढणारं ऊन आणि रांग वळून वाहनतळापर्यंत गेलेली. कित्येक जण फक्त त्या एका प्रश्नाची मतपत्रिका मागत होते, कारण ते कुठल्याच पक्षाचे नव्हते. मतपत्रिकेवरचा मजकूर लांबलचक, आणि 'होय' म्हणजे हक्क जाणार, 'नाही' म्हणजे राहणार. आदल्या दिवशी लोकांच्या फोनवर निनावी संदेश आले होते, 'होय' म्हणा, त्याने स्त्रियांना निवड मिळेल असे, म्हणजे धडधडीत उलटे. एक म्हातारी बाई माझ्यापाशी आली, हातात मतपत्रिका, म्हणाली, यातलं कोणतं कशासाठी आहे ते सांग. सांगायला आम्हाला बंदी असते. मी तिला मजकूर पुन्हा वाचा, सावकाश वाचा, एवढंच म्हणू शकले. ती भिंतीपाशी उभी राहून बोट ठेवत वाचत राहिली. मागची माणसं थांबली, कोणी कुरकुर केली नाही.

निकाल आला तो ५९ विरुद्ध ४१, 'नाही'च्या बाजूने. या राज्यात ट्रम्प २०२० मध्ये पंधरा टक्क्यांनी जिंकले होते. नऊ लाखांहून जास्त लोक मतदानाला आले. ट्रम्पना कौल देणाऱ्या डझनभराहून जास्त काउंट्यांनी 'नाही' म्हटलं. ही माणसं काही नास्तिक नाहीत. तिथे गावागणिक चर्च आहे.

मी 'नाही'ला मत दिलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. माझ्या शेजारीण कॅथलिक आहेत, त्यांच्या अंगणात 'होय'ची पाटी होती. त्या एकट्या पडलेल्या गरोदर मुलींना आपल्या गाडीतून तपासणीला नेतात, पाळणे-कपडे जमवतात, आणि फाशीच्या शिक्षेलाही तितकाच कडक विरोध करतात. त्या मला म्हणाल्या, "मला कुठलाच पक्ष पूर्ण आपला वाटत नाही." मला त्यांचं मत पटत नाही, पण 'धर्मांध' असा शिक्का त्यांच्यावर कोणी मारला तर मी भांडेन. माझा राग आहे तो त्यांच्यासारख्यांच्या कळकळीचा गठ्ठा बांधून, ज्यांना त्या कळकळीशी देणंघेणं नाही अशांनी तो निवडणुकीत विकण्यावर.

आकडे हेच सांगतात. प्यू संशोधन केंद्राच्या पाहण्यांत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी चारांतले तीन जण गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी बेकायदा असावा म्हणतात. पण कॅथलिकांपैकी दहांतले सुमारे सहा, आणि कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी त्याहून जास्त, तो कायदेशीर असावा म्हणतात, बिशप काहीही सांगोत. म्हणून उमेदवार निवडताना लोक एका बाजूला जातात आणि प्रश्न थेट विचारला की दुसऱ्या. मिशिगनमध्ये २०२२ ला आणि ओहायोत २०२३ ला हक्काच्या बाजूला ५७ टक्के मिळाले. फ्लोरिडात २०२४ मध्येही ५७ टक्केच मिळाले, पण तिथे साठ लागतात, म्हणून प्रस्ताव पडला. दक्षिण डकोटा आणि नेब्रास्कात हक्काची बाजू सरळ हरली, तेव्हा सगळीकडे एकच चित्र आहे असंही समजू नका.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर एक रस्ता ओलांडला की मिसुरी राज्य लागतं. 'डॉब्स' निकाल आला त्याच दिवशी तिथे बंदी लागू झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी एकाच दिवशी ट्रम्पना ५८ टक्के मतं दिली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्तीही मंजूर केली. विधिमंडळाने तो हक्क काढून घेण्यासाठी नोव्हेंबर २०२६ साठी नवी दुरुस्ती लोकांपुढे ठेवायचं ठरवलं. तुम्हाला हा विषय खरोखर समजून घ्यायचा असेल तर राष्ट्राध्यक्षपदाच्या गदारोळापेक्षा मिसुरीचं ते मतदान बघा. मतपत्रिकेवर प्रश्न कोणत्या शब्दांत छापलाय, तो कोणत्या निवडणुकीला जोडलाय आणि त्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये काय वाटलं गेलं, ते आधी वाचा.