‘अस्पर्गर’चे निदान आता का केले जात नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्या मुलाला लहानपणी, २०११ मध्ये, अस्पर्गर सिंड्रोम असल्याचे सांगितले होते. आता नव्याने तपासणी केली, तर अहवालात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, पातळी १’ असे लिहून आले आहे. त्याची अवस्था खालावली आहे का? (एक पालक, नाशिक)

नाही, खालावलेली नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये डीएसएम या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा स्वमग्नता (ऑटिझम), अस्पर्गर (बोलणे वेळेवर आलेल्या आणि बुद्धीच्या वाढीत अडचण नसलेल्या मुलांसाठीचे वेगळे निदान) आणि तत्सम निदाने ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एकाच निदानात सामावून घेतली गेली. ज्यांचे अस्पर्गरचे निदान आधीच पक्के झाले होते, त्यांना हे नवे निदान द्यावे, असेही त्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, अस्पर्गर हे वेगळे निदान उरलेले नाही. पातळी १ म्हणजे मदतीची गरज आहे, परंतु ती पातळी २ आणि ३ इतकी नाही. जुना अहवाल मात्र जपून ठेवा, कारण मोठेपणीच्या प्रत्येक तपासणीत बालपणीच्या वाढीविषयी विचारले जाते आणि त्या वेळची लेखी नोंद पालकांच्या आठवणीपेक्षा कधीही अधिक भरवशाची असते.

प्रश्न : वेळेवर बोलू लागलेली, अभ्यासात हुशार मुले आणि अजिबात न बोलणारी मुले मी रोज पाहते. त्यांना एकाच निदानात बसवण्यामागे संशोधनाचा आधार कोणता? (विशेष शिक्षिका, कोल्हापूर)

तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांमध्येही या प्रश्नावर बरीच वर्षे वाद चालला. १९९४ च्या डीएसएम-४ नुसार दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द आणि तीन वर्षांपर्यंत छोटी वाक्ये आली असतील, बुद्धीच्या वाढीत अडचण नसेल, तरच अस्पर्गरचे निदान करता येत असे. पण मूल स्वमग्नतेचे निकषही पूर्ण करत असेल, तर स्वमग्नतेलाच प्राधान्य द्यावे, अशी अट त्याला जोडलेली होती. या अटीमुळे मोठाच पेच झाला. ज्यांच्या नावावरून हे निदान ओळखले जाते त्या हान्स अस्पर्गर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात ज्या चार मुलांचे वर्णन केले, त्यांना १९९७ मध्ये मिलर आणि ओझोनॉफ या संशोधकांनी डीएसएम-४ चे निकष लावून पाहिले, तेव्हा चौघेही स्वमग्नतेच्या निदानात बसले. त्या चौघांपैकी फ्रिट्झ दहाव्या महिन्यात, चालू लागण्याच्याही आधी, बोलू लागला होता. हारो सत्तेचाळिसातून पंधरा वजा करताना दोन्ही संख्यांत तीन मिळवत असे किंवा आधी सात आणि मग आठ काढत असे, म्हणजे शाळेत शिकवलेली रीत सोडून स्वतःची रीत वापरत असे. ज्या मुलांवरून हे निदान पुढे आले, त्यांनाच ते लागू पडत नसेल, तर निकषांतच दोष आहे, असे म्हणावे लागते.

त्याहून निर्णायक पुरावा २०१२ मध्ये आला. कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातील बारा केंद्रांवरील २,१०२ मुलांची माहिती तपासली. सर्वत्र तपासणीची साधने तीच होती, तरीही अस्पर्गर म्हणायचे की स्वमग्नता, हे मुलाच्या लक्षणांपेक्षा त्याची तपासणी कोणत्या केंद्रात झाली यावरून अधिक ठरत होते. मूल या स्पेक्ट्रमवर आहे की नाही, याबाबत तज्ज्ञांचे बऱ्यापैकी एकमत होई. आतले कप्पे पाडताना मात्र ते होत नसे. माझ्या मते उपनिदान सोडून देण्यास एवढे कारण पुरेसे होते. तुम्हाला दिसणारा फरक खराच आहे, म्हणूनच आयसीडी-११ मध्ये बौद्धिक वाढ आणि व्यवहारातील भाषा यांची स्वतंत्र नोंद करावी लागते. ज्या अहवालात ही नोंद नाही, तो शिक्षिकेच्या फारसा कामाचा नाही. तसा अहवाल हाती आला, तर तो पूर्ण करून मागण्याचा आग्रह धरा.

प्रश्न : दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अस्पर्गरचा जुना दाखला चालेल का? (पालक, ठाणे)

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ अशीच नोंद आहे, त्यामुळे जुना दाखला पूरक कागद म्हणून सोबत जोडावा. मूल्यमापनासाठी चाळीस बाबींची इसा ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. अस्खलित बोलणाऱ्या मुलाच्या अडचणी थोड्या वेळाच्या भेटीत दिसत नाहीत. म्हणून शाळेतील आणि घरातील प्रसंग तारखेनिशी लिहून न्यावेत.

प्रश्न : अस्पर्गर यांचा नाझींशी संबंध होता, म्हणून हे नाव वगळले का? (मानसशास्त्राचा विद्यार्थी, पुणे)

नाही, वर सांगितलेला बदल २०१३ चा आहे, तर व्हिएन्नातील जुन्या कागदपत्रांवर आधारलेले इतिहासकार हेरविग चेक यांचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अस्पर्गर नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. परंतु त्यांनी काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवले होते, जिथे शेकडो अपंग व आजारी मुलांना मारण्यात आले, हे कागदपत्रांवरून दिसते. हे वाचून ज्यांना ते नाव नको वाटते, त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. अशी मुले सर्वप्रथम त्यांनीच ओळखली, हेही खरे नाही. ग्रुन्या सुखारेवा या मॉस्कोच्या डॉक्टर स्त्रीने सहा मुलांचे अगदी मिळतेजुळते वर्णन १९२० च्या दशकातच प्रसिद्ध केले होते. जगाला ‘अस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव परिचित झाले, ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखामुळे.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. फोन करण्याआधी मी वाक्ये कागदावर लिहून घेते आणि कार्यालयातून घरी आले की तासभर कोणाशी बोलू शकत नाही. मी तपासणी करून घ्यावी का? (वाचक, बंगळुरू)

घ्यावी. केवळ या दोन गोष्टींवरून निदान होत नाही, कारण सामाजिक चिंतेतही असे घडते. बालपणापासूनची तऱ्हा, आवाज, प्रकाश व स्पर्श यांचा त्रास आणि ठरलेल्या क्रमाचा आग्रह हेही पाहावे लागते. स्वमग्नतेत एका मुलीमागे चार मुलगे असे प्रमाण मानले जाई. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात ते एका मुलीमागे तीन मुलग्यांच्या जवळ निघाले आणि मुलींचे निदान राहून जाते, असे त्या संशोधकांनी नोंदवले. अनेक स्त्रिया इतरांचे हावभाव आणि बोलण्याची ढब पाठ करून वेळ निभावतात, आणि त्याची किंमत तुम्ही लिहिता तशा थकव्याच्या रूपाने मोजतात. प्रौढांच्या स्वमग्नतेचा अनुभव असलेल्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, शक्य असल्यास आई किंवा मोठ्या भावंडाला सोबत न्या आणि फोनआधी लिहिलेले ते कागदही दाखवा.