सिनेमात शाकाहारी माणूस एकतर चेष्टेचा नाहीतर सोवळ्यातलाच का दाखवतात?

तुम्ही विचारलंय की इंग्लिश सिनेमात शाकाहारी आला की त्याची टिंगल होते आणि आपल्या सिनेमात शाकाहारी आला की तो एकदम सोवळ्यातला असतो, असं का, आणि ह्यापेक्षा बरं चित्रण कुठे आहे का. मी स्वतः शाकाहारी आहे, सिनेमे भरपूर बघते आणि ह्या विषयावर घरात, ऑफिसात खूप वाद घातलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सिनेमावाल्यांना शाकाहार हा जेवणाचा विषय वाटतच नाही. तिकडे तो माणसाचा स्वभाव दाखवायला वापरतात आणि इकडे जात नाहीतर धर्म दाखवायला. ताटात काय पडलंय, ते कोणी शिजवलं, समोरच्याने का नको म्हटलं आणि नको म्हटल्यावर त्या पंगतीत त्याचं काय झालं ह्यात कोणी शिरत नाही, आणि खरी गोष्ट तर तिथेच असते.

आधी इंग्लिश सिनेमा घेऊ. 'नॉटिंग हिल' (१९९९) मध्ये ह्यू ग्रँटच्या पात्राला मित्र एका मुलीशी भेटवतात, ती म्हणते मी फक्त झाडावरून आपोआप पडलेली फळं-भाज्या खाते, शिजवणं म्हणजे क्रूरपणा, मग ताटातल्या गाजरांचं काय असं विचारल्यावर त्यांचा खून झालाय असं म्हणते. एवढाच तिचा रोल. हसायला येतं, मलाही आलं, पण पुढे ती पुन्हा माणूस म्हणून दिसत नाही. 'लीगली ब्लाँड' (२००१) मध्ये एल वुड्स हार्वर्डमध्ये स्वतःची ओळख करून देताना सांगते की मी आणि माझा कुत्रा दोघंही मिथुन राशीचे आणि शाकाहारी, म्हणजे शाकाहार गेला राशीच्या आणि गुलाबी कपड्यांच्या रांगेत. 'स्कॉट पिलग्रिम' (२०१०) मध्ये तर एक व्हीगन, म्हणजे दूध-अंडीसुद्धा न खाणारं, पात्र आहे ज्याला व्हीगन असल्यामुळे सुपरपॉवर मिळालेली असते आणि नियम मोडला म्हणून व्हीगन पोलीस येऊन ती काढून घेतात. हा विनोद मला त्यातल्या त्यात आवडतो कारण त्यात निदान निरीक्षण आहे, काही लोकांना आपल्या खाण्याचा खरंच गर्व असतो आणि तो गर्व कुठल्याही ताटावर वाईटच दिसतो.

पण ह्या सगळ्यात मला मनापासून आवडतो तो 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' (२००२) मधला सीन. होणारा जावई इयान मांस खात नाही हे कळल्यावर मावशी मोठ्याने ओरडते, सगळं घर गप्प होतं, आणि मग ती त्याला धीर देते की काही हरकत नाही, मी कोकरू करते. इथे टिंगल जावयाची नाहीये. त्या बाईच्या जगात मांस न खाणारा माणूस बसतच नाही पण तिला त्याला जेवायला तर घालायचंय, आणि त्या दोन्ही गोष्टी एका वाक्यात येतात. आपल्यातलं कोणी परदेशात कोणाच्या घरी जेवायला गेलं असेल तर त्याला हे लगेच कळेल, चिकन नको म्हटलं की लोक प्रेमाने मासे वाढतात.

तिकडे हे असं का होतं त्याचं कारण साधं आहे, अमेरिकेत गॅलपच्या सर्वेमध्ये स्वतःला शाकाहारी म्हणवणारे पाच टक्क्यांच्या आसपास निघतात. एवढ्या थोड्या लोकांना पडद्यावर आणलं की ते 'वेगळे' म्हणूनच येणार. आणि भारतीय लोक दाखवायचे झाले तर विचारूच नका, 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' (१९८४) मध्ये भारतातल्या राजवाड्यातली मेजवानी म्हणून साप, किडे, डोळे घातलेलं सूप आणि माकडाचा मेंदू वाढलाय. भारत सरकारने शूटिंगला परवानगी नाकारली आणि ते श्रीलंकेत झालं, मला तरी सरकारचं बरोबर वाटतं.

आता आपल्याकडे या. इथे गंमत उलटी आहे. २०१४ च्या सरकारी एसआरएस सर्वेप्रमाणे पंधरा वर्षांवरचे साधारण ७० टक्के भारतीय मांसाहारी आहेत, महाराष्ट्रातसुद्धा शाकाहारी ४० टक्केच. पण हिंदी सिनेमातलं 'चांगलं घर' बघा. राजश्रीच्या सिनेमातली ती मोठाली कुटुंबं, पंचवीस माणसं टेबलाला, पुऱ्या, हलवा, खीर, आणि कोणी एक जण सुक्कं मटण मागत नाही. कोणी म्हणतही नाही की आम्ही शाकाहारी आहोत, म्हणायची गरजच नसते, कारण चांगलं घर म्हणजे शाकाहारी घर हे गृहीतच धरलंय. आणि मांस कधी दिसतं? व्हिलन दाखवायचा असेल तेव्हा. 'पद्मावत' (२०१८) मध्ये खिलजी मोठमोठे मांसाचे तुकडे दातांनी फाडतो, डोळे मोठे करून, आणि तो सीन त्याचा रानटीपणा ठसवायलाच आहे. समोर राजपूत. ज्या राजपूत घरांमधून 'लाल मांस' हा मटणाचा प्रकार आला, शिकारीचं मांस शिजवायच्या पद्धती आल्या, त्या घरांचं ते खाणं सिनेमात कुठे आहे? मला हे शाकाहारी म्हणूनही खटकतं. माझं खाणं चांगलं दाखवायला दुसऱ्याचं खाणं राक्षसी दाखवायची गरज नाहीये.

'बजरंगी भाईजान' (२०१५) ह्या बाबतीत नीट बघण्यासारखा आहे. पवन हनुमानभक्त, ज्यांच्या घरी राहतो ते घर कडक शाकाहारी, आणि सोबत आलेली ती मुकी पोरगी शेजारच्या मुसलमान घरात बसून चिकन खाताना सापडते. तिची जात शोधायचा पवनचा प्रयत्न तर तुम्हाला आठवत असेलच, गोरी आहे म्हणजे ब्राह्मण असेल, मग मांस खाते म्हणजे क्षत्रिय असेल. हा माणूस वाईट नाहीये, त्याला जगाची यादी तशीच पाठ करून दिलेली आहे आणि ते दिग्दर्शक कबीर खानने फार नेमकं पकडलंय. नंतर ढाब्यावरचं ते चिकनचं गाणं येतं, पोरगी खूश होते. मला तो भाग आवडतो कारण स्वतः न खाणारा माणूस दुसऱ्याला खाऊ घालायला घेऊन जातो हे पडद्यावर फारसं दिसत नाही. पण तिथेही चिकन म्हणजे धर्माचा पहिला पुरावा, लगेच पुढे ती मशिदीत दिसते. हिंदू घरातली पोरगी चिकनसाठी हट्ट करतेय असं लाखो घरांत रोज होतं, ते कथेत बसत नाही.

आता मी ज्या घरात वाढले ते सांगते म्हणजे माझं म्हणणं कळेल. आम्ही साताऱ्याकडचे, शेतकरी घर. आजोबा माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, वारी, एकादशी, वशाट बंद. त्यांच्या दोन भावांना माळ नव्हती, ते खायचे. मटण मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर व्हायचं, त्याचं पातेलं, पळी वेगळी. माझी एक चुलती अजिबात खात नाही पण रस्सा तिच्या हातचाच लागतो सगळ्यांना, मीठ बघायला ती आम्हा पोरांपैकी कोणाला तरी हाक मारायची. गावच्या जत्रेला बोकड पडायचा आणि माळकऱ्यांची पंगत वेगळी बसायची, त्यात मराठा, माळी, धनगर सगळे असायचे. खाणाऱ्यांतही सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारे वेगळे, श्रावण पाळणारे वेगळे, गटारीला ताव मारून दुसऱ्या दिवसापासून महिनाभर नावसुद्धा न काढणारे वेगळे. कोकणात आणि गोव्यात गेलात तर सारस्वत ब्राह्मणांच्या घरी मासे रोजचे, आणि त्यांच्याकडेही न खायचे वार आहेतच. म्हणजे आपल्याकडे शाकाहार जातीने मिळतो हे जितकं खरं तितकंच तो माणसं स्वतः घेतात, वाराने घेतात, नवसाने घेतात, म्हातारपणी घेतात हेही खरं आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) सारखे मराठीत संतपट आहेत, पण माळ घातलेला साधा माणूस, ज्याच्या पोरांना रविवारी मटण लागतं आणि जो त्याच घरात आनंदाने पिठलं-भाकरी खातो, तो मुख्य पात्र म्हणून मी पडद्यावर बघितलेला नाही. केवढं नाट्य आहे त्या स्वयंपाकघरात! माळ घालताना बायकोला कोणी विचारत नाही आणि तिला मात्र दोन-दोन स्वयंपाक करायला लागतात, एवढ्यावरच एक सिनेमा होईल.

आणि कोणी हा विषय घ्यायला गेलं की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. नयनताराचा तमिळ 'अन्नपूर्णी' डिसेंबर २०२३ मध्ये आला. श्रीरंगमची ब्राह्मण मुलगी, वडील मंदिरात प्रसादाचा स्वयंपाक करतात आणि हिला शेफ व्हायचंय, म्हणजे मांस शिजवावं आणि चाखावं लागणार. मुंबईत तक्रार झाली, मुख्य राग रामाच्या आहाराबद्दलच्या एका संवादाचा आणि शेवटी ती बिर्याणी करण्याआधी नमाज पढते त्याचा होता, आणि जानेवारी २०२४ मध्ये सिनेमा नेटफ्लिक्सवरून उतरवला, झी स्टुडिओने माफी मागितली. मला तो सिनेमा काही फार आवडला नाही, कारण त्यात असा सूर आहे की शाकाहारी घरातल्या मुलीने मांस खाल्लं की ती मोकळी झाली, जणू शाकाहारी स्वयंपाकात मोठं होताच येत नाही. तिच्या वडिलांच्या मंदिरातल्या स्वयंपाकात केवढी विद्या आहे ते सिनेमा सुरुवातीला दाखवतो आणि मग विसरतो. पण नावडला म्हणून उतरवायचा? अजिबात नाही. भांडायला तरी तो समोर पाहिजे ना.

बरं चित्रण कुठे आहे म्हणाल तर छोटं उदाहरण 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या कॉफी शॉपमध्ये धडपडत ऑर्डर देते तेव्हा तिला व्हेज पाहिजे एवढंच सांगायचं असतं, आणि समोरची बाई प्रश्नावर प्रश्न टाकते, सँडविच की अजून काही, आत काय घालू. तिथे शाकाहार ना विनोद आहे ना पुण्य, परक्या गावात भूक लागलेल्या बाईची ती एक जास्तीची अडचण आहे आणि भाषेची अडचण त्यावर चढते. दिग्दर्शक गौरी शिंदेने हे जगून बघितल्यासारखं लिहिलंय.

मोठं उदाहरण म्हणजे 'लाइफ ऑफ पाय' (२०१२). पाँडिचेरीचं पटेल कुटुंब, आई (तब्बू) आणि मुलगा पाय शाकाहारी, वडील (आदिल हुसेन) त्याच टेबलावर मटणाचं कौतुक करतात आणि म्हणतात की कोणी मांस खातं कोणी भाजी, सगळ्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. बघा, हे आमच्या घरासारखं घर! आणि ते दाखवलं कोणी तर तैवानच्या आंग लीने. मग जहाजावर आई शाकाहारी जेवण मागते आणि आचारी तिला ऐकवतो की ज्या गाईचं हे लिव्हर आहे ती शाकाहारीच होती. हे असलं उत्तर प्रत्येक शाकाहाऱ्याने कुठे ना कुठे ऐकलंय, पण सिनेमा आचाऱ्याच्या बाजूने हसत नाही, बाईचा अपमान झाला हे दिसतं, नवरा तिच्यासाठी भांडतो. आणि नंतर जहाज बुडाल्यावर समुद्रात वाघासोबत एका होडीत अडकलेला तो पोरगा वाघाला आणि स्वतःला जगवायला आयुष्यात पहिल्यांदा मोठा मासा मारतो, रडतो, माशाची माफी मागतो, विष्णूचे आभार मानतो की तू माशाच्या रूपाने आलास. मत्स्यावतार लहानपणी ऐकलेल्या पोराच्याच तोंडी हे येऊ शकतं. इथे कळतं की शाकाहार म्हणजे त्या पोरासाठी काय होतं, मोडावा लागला तेव्हा त्याला किती लागलं त्यावरून कळतं.

आणि ह्याच्याही पुढे जातो तो 'शिप ऑफ थिसियस', आनंद गांधीचा, २०१३ मध्ये आपल्याकडे लागला आणि त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. तीन गोष्टी आहेत, मधली नीरज कबीच्या साधूची. तो प्राण्यांवरच्या चाचण्यांविरुद्ध कोर्टात लढतोय आणि त्यालाच लिव्हर सिरॉसिस होतो, औषधं घ्यायची तर ती प्राण्यांवर तपासलेली. तो नाही म्हणतो आणि पडद्यावर दिवसेंदिवस खंगत जातो. चार्वाक नावाचा एक तरुण त्याच्याशी वाद घालतो, हुशारीने, प्रेमाने, आणि दिग्दर्शक दोघांपैकी कोणालाच मूर्ख ठरवत नाही. शेवटी साधू उपचार घेतो. तो हरला असं मला वाटलं नाही आणि माझ्या नवऱ्याला वाटलं, आमचं अजून त्यावर एकमत नाही.

तर बघायचे असतील तर आधी 'लाइफ ऑफ पाय' पोरांना घेऊन बघा आणि मग 'शिप ऑफ थिसियस', तो जरा संथ आहे, रात्री उशिरा लावू नका. आणि माळकरी घरावरचा असा एखादा मराठी सिनेमा तुमच्या बघण्यात आला असेल तर मला नाव नक्की सांगा, ह्याच रविवारी बघेन.