'नाजा' नव्हे, 'नाया'!

एका वाचकाने विचारलं आहे: नागाचं शास्त्रीय नाव 'नाजा नाजा' असं दोनदा कसं? झाडांच्या नावांत असं दिसत नाही. मग ही चूक की नियमात बसतं? आणि अशा नावाला मराठीत काय म्हणावं?

बसतं. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम वेगळे, वनस्पतींचे वेगळे. शास्त्रीय नावात आधी वंशाचं नाव येतं, मग जातीचं; प्राण्यांत ही दोन्ही एकच असलेली खुशाल चालतात: चितळ 'ॲक्सिस ॲक्सिस', काळा उंदीर 'रॅटस रॅटस'. गोरिलाची एक उपजाती तर 'गोरिला गोरिला गोरिला'! वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र हे अजिबात खपत नाही. अशी दोन शब्दी नावं रूढ करणाऱ्या लिनीअसने सफरचंदाला नासपतीच्या वंशात घालून 'पायरस मॅलस' म्हटलं होतं. पुढे मॅलस हा स्वतंत्र वंश झाला, तेव्हा 'मॅलस मॅलस' व्हायचं. नियम आडवा आला आणि 'मॅलस डोमेस्टिका' झालं. आपली तूर मात्र 'कजानस कजान' असूनही सुटली, कारण शेपटीत एवढासा फरक आहे.

म्हणजे शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत, वनस्पतींना पूर्णाभ्यस्त (अख्खा शब्द दोनदा, जसं 'हळूहळू') वर्ज्य, अंशाभ्यस्त (थोडा बदलून दोनदा, जसं 'दगडबिगड') मंजूर. म्हणून मी 'पूर्णाभ्यस्त नाव' म्हणतो. काही जण 'समनाम' सुचवतात, ते साफ चूक. दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव पडलं तर ते समनाम, आणि ते दोन्हीकडे नामंजूर.

पण माझं खरं दुखणं दुसरंच आहे. टीव्हीवर साप हातात धरून 'नाझा नाझा' म्हणणारे ऐकले की कानात खडे टोचतात. अहो, या नावातलं 'j' हे अक्षर लॅटिनमध्ये 'य'चं काम करतं! १८९० साली प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजरने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात तर सरळ 'नाया ट्रिप्युडिअन्स', म्हणजे नाचणारा नाग, असं छापलं आहे. (त्या शतकात प्राणिशास्त्रज्ञांनाही द्विरुक्तीचं वावडं होतं.)

आणि हा 'नाया' आला कुठून? बरेच कोश 'संस्कृत नाग' एवढं सांगून हात झटकतात. मग 'ग' कुठे गेला, तो काय सापाने गिळला? सिंहलीत नागाला आजही 'नया' म्हणतात. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळतो आणि त्या जागी हलका 'य' येतो: सागरचा सायर, नगरचा नयर. तसाच नागचा नाय. लिनीअसने १७५८ साली 'कोलुबर नाजा' लिहिलं आणि दहा वर्षांनी प्राणिशास्त्रज्ञ लॉरेंटीने त्याच शब्दाचा वंश केला, तेव्हा दोघांच्याही कागदावर संस्कृत नव्हतं, हा झिजलेला प्राकृत वळणाचा शब्द होता. माझ्या मते हेच या नावाचं खरं वैभव, आणि संस्कृतावर थांबणारे कोशकार नेमकं तेच पुसून टाकतात.

हीच झीज आपल्या नकाशावरही आहे. नगर, नयर, नेर: पारनेर, अमळनेर, संगमनेर. राजाचा 'राया' करताना प्राकृताने 'ज' घालवला. इथे नसलेला 'ज' इंग्रजी वाचनाने आणून बसवला. 'सगळं जग नाजाच म्हणतं' असं सांगणाऱ्यांनी एकदा एसटीत संगमनेरच्या माणसापुढे त्याच्या गावाला 'संगमनजर' म्हणून पाहावं.