इतक्या 'प्लॅटर्स'मधले मूळ प्लॅटर्स कोणते?

तुमचे प्रश्न दोन आहेत: 'द प्लॅटर्स' या १९५०च्या दशकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-ग्रुपचं 'ओन्ली यू' हे गाणं शोधलं की वेगवेगळी रेकॉर्डिंग का येतात, आणि आज 'द प्लॅटर्स' म्हणून कार्यक्रम करणाऱ्यांचा जुन्या ग्रुपशी काही संबंध आहे का.

मूळ ओळखायचं तर तीन गोष्टी बघा: रेकॉर्ड कंपनी मर्क्युरी, रेकॉर्डिंगचं साल १९५५ ते १९६०, आणि मुख्य आवाज टोनी विल्यम्सचा. अॅपवर दिसणारं साल बहुतेक वेळा संकलनाचं असतं, त्यावर जाऊ नका. १९५५चं 'ओन्ली यू' मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. ते स्टिरिओत ऐकू आलं तर एकतर नंतरचं रेकॉर्डिंग आहे किंवा मोनोवर केलेली कारागिरी. 'म्युझिकॉर' हे कंपनीचं नाव दिसलं तर तो १९६६पासूनचा ग्रुप, मुख्य गायक सनी टर्नर. तोही उत्तम गातो; 'विथ धिस रिंग' (१९६७) जरूर ऐका. पण त्याच ग्रुपने जुनी गाणी पुन्हा गायली आणि स्वस्त संकलनांमध्ये तीच भरलेली असतात.

मर्क्युरीच्याही आधीचं एक 'ओन्ली यू' आहे. ते १९५४मध्ये फेडरल कंपनीसाठी गायलं होतं. कंपनीला ते कच्चं वाटलं, म्हणून पडून राहिलं. मर्क्युरीचं गाजल्यावर फेडरलने तेही बाजारात आणलं. दोन्ही लागोपाठ ऐका, वर्षभरात ग्रुप किती तयार झाला ते कळेल.

मर्क्युरीत शिरकाव झाला तो मॅनेजर बक रॅममुळे. कंपनीला हवा होता 'अर्थ एंजल' हे गाणं गाजवलेला पेंग्विन्स हा ग्रुप. त्यांचाही मॅनेजर रॅमच. त्याने अट घातली: पेंग्विन्स हवेत तर प्लॅटर्सही घ्या. मर्क्युरीत पेंग्विन्सचं एकही गाणं चाललं नाही. प्लॅटर्सचं 'ओन्ली यू' पॉपच्या यादीत पाचवं आलं, हिलटॉपर्स या गोऱ्या ग्रुपने केलेल्या त्याच गाण्याच्या वरचढ. गोऱ्यांची नक्कल मूळ कृष्णवर्णीय गायकांना झाकून टाकायची, तो हा काळ; म्हणून हे मोठं. पुढे चार गाणी पहिल्या क्रमांकावर गेली: 'द ग्रेट प्रिटेंडर' आणि 'माय प्रेअर' (१९५६), 'ट्वायलाइट टाइम' (१९५८), आणि १९५९च्या सुरुवातीला 'स्मोक गेट्स इन युअर आइज'. यातली शेवटची तिन्ही आधीच्या पिढीची गाणी. रॅमचं डोकं इथे दिसतं: आईवडिलांना माहीत असलेली चाल मुलांच्या पिढीच्या आवाजात द्यायची.

ऐकताना फक्त विल्यम्सच्या मागे जाऊ नका. डेव्हिड लिंच दुसरा टेनर (उंच पुरुषी आवाज), पॉल रोबी बॅरिटोन (मधला आवाज), हर्ब रीड खर्जात, आणि १९५४पासून झोला टेलर. पुरुषांच्या ग्रुपमध्ये एक स्त्रीस्वर आल्याने मधली पट्टी भरते आणि पाठीमागचा आवाज मऊ होतो. इतर डू-वॉप (त्या काळची अनेक आवाजांनी मिळून गायची शैली) ग्रुपसारखा खर्ज इथे पुढे उड्या मारत नाही, म्हणून काहीजण यांना डू-वॉप मानतच नाहीत. मला तो वाद फुकटचा वाटतो.

आता नावाचा घोळ. १९५६मध्ये रॅमने 'फाइव्ह प्लॅटर्स' नावाची कंपनी काढली आणि सदस्यांना शेअर देऊन नावाचा हक्क तिच्याकडे घेतला. पुढे एकेक सदस्य बाहेर पडला, शेअर रॅमच्या बाजूला गेले. ऑगस्ट १९५९मध्ये सिनसिनाटीत चौघा पुरुषांना अनैतिक वर्तनाच्या आरोपाखाली अटक झाली. ते निर्दोष सुटले, तरी अनेक रेडिओ केंद्रांनी गाणी लावणं थांबवलं होतं. १९६०मध्ये विल्यम्स ग्रुप सोडून गेला. मर्क्युरीला त्याच्याविना ग्रुप नकोच होता, त्यावरूनही कोर्टबाजी झाली. त्यानंतर जो बाहेर पडेल तो आपला 'प्लॅटर्स' घेऊन फिरू लागला आणि कंपनी त्याच्यावर दावे लावू लागली. रोबीच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने १९७४मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. रीडचे दावे तर २०१२मध्ये तो वारल्यावरही चालू राहिले.

त्या सुवर्णकाळातल्या पाचांपैकी आता कोणीही हयात नाही: लिंच १९८१, रोबी १९८९, विल्यम्स १९९२, टेलर २००७, रीड २०१२. त्यामुळे जाहिरातीत 'ओरिजिनल' लिहिलं असलं तरी मंचावर मूळ आवाज नसणार. तिकीट काढण्याआधी गायकांची नावं विचारा. चांगला गायक असेल तर संध्याकाळ वाया जात नाही.