ध्वनिमुद्रणात ओळखू येणारा आवाज

पत्र : मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. नाशिकमधील आमच्या वसाहतीच्या समूहगान वृंदात मी तीन वर्षांपासून गाते. आम्ही 34 जण आहोत. यंदा महाराष्ट्र दिनाला आमचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पडदा उघडला, सगळ्यांनी मिळून पहिला षड्ज लावला आणि अंगावर सर्रकन काटा आला. निवृत्तीनंतर इतका आनंद मला दुसऱ्या कशानेही दिलेला नाही. परंतु माझ्या शेजारी उभी राहणारी, वर्षभरापूर्वी वृंदात आलेली एक चाळिशीची बाई मूळ सुरापेक्षा किंचित उतरी गाते आणि माझ्या आनंदावर विरजण पडते. ती गाणे शिकलेली नाही. माझी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली आहे. प्रत्येक कडव्याच्या आधी ती माझ्या तोंडाकडे बघते, त्यानेही माझे लक्ष विचलित होते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मी अनेकदा ऐकले. त्यात माझा आवाज मात्र सगळ्यांतून स्पष्ट ओळखू येतो, तेवढेच समाधान. हे वृंद बसवणाऱ्या सरांच्या कानावर घालावे, की तिलाच समजावून सांगावे? तिला दुखवण्याची माझी इच्छा नाही. – सुराची चाहती, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न शेजारणीविषयी आहे, परंतु पत्र वाचताना मी अडखळले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या समाधानाच्या वाक्यापाशी. 34 जणांच्या वृंदात एका गळ्याचा आवाज ध्वनिमुद्रणातसुद्धा वेगळा काढून दाखवता येत असेल, तर ती तक्रारीची बाब आहे आणि ती तक्रार करण्याचा अधिकार उरलेल्या 33 जणांचा आहे. तुम्ही मात्र ती समाधानाच्या खात्यात जमा करून टाकलीत. किंचित उतरा लागलेला एक आवाज एवढ्या गळ्यांत बहुतेक वेळा मिसळून जातो आणि चौथ्या रांगेतील श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अचूक सुरातला पण वर आलेला आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. त्या संध्याकाळी श्रोत्यांनी कोणाला वेगळे ऐकले असेल, हे तुमच्या ध्वनिमुद्रणाने सांगून टाकले आहे.

यात दोष केवळ तुमचा नाही, आपल्या शिक्षणाचाही आहे. मध्यमेपर्यंतची परीक्षा एकेकट्याने द्यायची असते. आलाप आपला, ताना आपल्या, गुण आपले. आपले शास्त्रीय संगीत मुळात एका गायकाचे आहे आणि त्यात घडलेला गळा समोरच्याच्या कानात ठसण्यासाठीच तयार झालेला असतो. गोव्यातील मांडो या गीतप्रकाराची रीत निराळी आहे. तो दोन स्वरांच्या जोडीने गायला जातो आणि त्यातला एक स्वर वरचढ झाला की मांडो बिघडतो, त्यामुळे आपला आवाज किती ठेवायचा याचे भान गाणाऱ्याला पहिल्यापासून ठेवावे लागते. पण तेवढे लांब कशाला जायचे? ख्यालाच्या मैफलीत गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य तुम्ही पाहिला असेल. गुरूने जागा सोडली की तो ती उचलतो, दोन क्षण सांभाळतो आणि गुरू परतताच आपला आवाज मागे घेतो. त्याला गाणे कमी येते असे मैफलीत कोणीही म्हणत नाही. मध्यमा झालेल्या बाईला हे नव्याने सांगावे लागू नये.

आता शेजारणीविषयी. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये एक गोष्ट नोंदवली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते : भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज वाढवतो, कारण त्याला स्वतःला ऐकू येणे कमी झालेले असते. वृंदात हे रोज घडते. तुम्ही खणखणीत गाता, तिला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, मग ती जोर लावते, आणि न शिकलेल्या गळ्याने जोर लावला की स्वर जागेवर राहत नाही. त्यात पट्टीचीही, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर षड्ज धरायचा याचीही, अडचण असते. स्त्रियांचा काळी चार-पाचचा गळा आणि पुरुषांचा काळी एकचा गळा एकत्र गायला लावायचा तर सरांना मधली एखादी पट्टी धरावी लागते, आणि तिथे कोणाला खालचे स्वर पुरत नाहीत, तर कोणाला वरचे. तुम्ही तयारीच्या जोरावर ते निभावून नेता. तिच्यापाशी ती तयारी नाही. तिच्या उतरण्यातला निम्मा वाटा तुमचा असावा, असे मला वाटते. हे कटू आहे, पण तुम्ही मला विचारले आहे.

ती तुमच्या तोंडाकडे बघते, याचा तुम्हाला त्रास होतो म्हणे! कडवे कुठे उचलायचे हे जिला ठाऊक नाही, तिने या वृंदात सर्वांत भरवशाचे माणूस निवडले आहे आणि वर्षभर ती त्याच्याकडून मुकाट शिकते आहे. तुम्ही आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलात. पहिल्या बाकावरचे मूल फळ्याऐवजी तुमच्याकडे बघू लागले तर तुम्ही मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली असती का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या नव्या वर्गांचा काही महिने अभ्यास केला आणि 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाणाऱ्यांमध्ये आपापसांतली जवळीक सर्वांत लवकर निर्माण झाली, असे त्यांना आढळले. तुमच्या पत्रात मात्र वर्षभर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बाईचे वय आहे, तिला काय येत नाही हे आहे, आणि त्यापलीकडे एक ओळही नाही.

ज्या आनंदाविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याच्याकडे जरा नीट बघू या, कारण पत्रातला तेवढाच भाग मला मनापासून आवडला. पहिला षड्ज लागला तेव्हा तुमच्या अंगावर काटा आला. तो षड्ज तुमचा नव्हता. घरी एकटीने, याहून शुद्ध षड्ज तुम्ही रोज लावत असाल आणि तेव्हा काटा येत नसेल. एका गळ्याला श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे एकट्याचा दीर्घ स्वर कुठेतरी तुटतोच. वृंदातली माणसे निरनिराळ्या ठिकाणी, कुणाला कळू न देता श्वास घेतात म्हणून तोच स्वर अखंड चालत राहतो, आणि एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरची ती गोष्ट आपल्याच छातीतून जाताना जाणवते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना 2013 मध्ये असे दिसले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकमेकांच्या बरोबरीने वाढते आणि मंदावते, कारण गाण्याची रचना सर्वांचा श्वास बांधून देते. तुम्हाला निवृत्तीनंतर कशानेच दिला नाही तो आनंद हा आहे. (गणपतीच्या आरतीत ज्याला जी पट्टी सापडेल तीत त्याने गावे आणि ज्याचा गळा मोठा त्याने शेवटची ओळ ताणावी, हे मलाही प्रिय आहे, पण त्यासाठी तीन वर्षे तालमी करत नाहीत.) कार्यक्रमाच्या संध्याकाळी हे सगळे तुमच्या वाट्याला आले आणि नंतर घरी बसून तुम्ही पुन्हा पुन्हा शोधलेत काय, तर स्वतःचा आवाज.

तेव्हा तुम्ही विचारलेल्या दोन्ही मार्गांना माझी साफ मनाई आहे. येत्या तालमीला पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत इतक्या हळू गा, की शेजारणीचा आवाज तुम्हाला स्वतःच्या आवाजापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू यावा. नुसते ओठ हलवणे मला अभिप्रेत नाही. ती फसवणूक होईल आणि तुमच्याकडे बघणाऱ्या बाईला ती लगेच कळेल. श्वास पूर्ण घ्या, शब्द स्वच्छ उच्चारा, सूर जागच्या जागी ठेवा आणि आवाज निम्म्यावर आणा. ती जिथे श्वासासाठी थांबते तिथे तुम्ही थांबू नका; तो स्वर तुम्ही धरून ठेवा आणि ती परत आली की तुमचा श्वास घ्या. चेहरा थोडा तिच्या बाजूला वळवून उभ्या राहा, म्हणजे तिला मान वळवावी लागणार नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला गायल्यासारखे वाटणार नाही, चिडचिडही होईल. तरीही पुढच्या कार्यक्रमापर्यंत प्रत्येक तालमीला असेच गा.

सरांच्या कानावर काहीही घालू नका. वृंद बसवणाऱ्या माणसाला कोण उतरते आणि कोण वर येते, हे पहिल्या काही तालमींतच कळलेले असते. त्यांनी मध्यमा झालेल्या बाईच्या शेजारी गाणे न शिकलेली बाई उभी केली आणि वर्षभर ती जागा बदलली नाही. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून तसे केले असेल, असे मला तरी वाटत नाही.