वॉकीटॉकी घेण्याआधी : वाचकांची प्रश्नोत्तरे

कृष्णा आणि घटप्रभेचे पाणी चढू लागले की वॉकीटॉकी आणि हॅम रेडिओविषयी (परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या रेडिओविषयी) पत्रे येऊ लागतात, आणि दरवर्षी गोंधळही तोच असतो. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : कणकुंबीच्या रानात मोबाइलला रेंज नसते. ऑनलाइन मिळणाऱ्या वॉकीटॉकीच्या खोक्यावर '50 किलोमीटर' असे लिहिले आहे. आमच्या भटक्यांच्या गटाने ती घ्यावी का? (खानापूर)

खोक्यावरच्या आकड्यावर मुळीच विसंबू नये. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे हातात धरलेले दोन सेट सपाट माळावरही फार तर दहा किलोमीटरपर्यंत एकमेकांच्या टप्प्यात राहतात. मध्ये डोंगर किंवा दाट झाडी आली, की एक-दोन किलोमीटरवरच नुसती खरखर उरते. राजहंसगडाच्या तटावरून लांबचे ऐकू येते ते उंचीमुळे. त्याचे श्रेय विक्रेत्याने घेऊ नये. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या सेटला परवाना लागत नाही, परंतु त्या मॉडेलला सरकारी मान्यता असावी लागते. ही माहिती लपवून वॉकीटॉकी विकल्या जात असल्यामुळेच मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 ऑनलाइन विक्री मंचांना नोटिसा दिल्या. पैसे भरण्यापूर्वी मॉडेलचा तपशील एखाद्या हॅमला, म्हणजे परवानाधारक हॅम रेडिओचालकाला, दाखवावा.

प्रश्न : बेळगावचा हॅम परवाना महाराष्ट्रात चंदगडला चालतो का? (हिंडलगा)

परवाना केंद्र सरकारचा असतो, सीमावादाशी त्याचा संबंध नाही. मात्र नोंदलेल्या पत्त्याबाहेर रेडिओ केंद्र चालवण्याच्या अटी आधी विचारून घ्याव्यात.

प्रश्न : हॅम परवान्यावर ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचालकांशी बोलता येईल का? (अथणी)

नाही. हा परवाना धंद्यासाठी नसतो.

प्रश्न : आणीबाणीत परवाना लागत नाही, असे ऐकले. 2019 च्या पुरात आमचे फोन बंद पडले होते, म्हणून एक सेट घेऊन ठेवावा म्हणतो. (चिकोडी)

हे कोणाकडून ऐकले, तेवढे मला एकदा कळायला हवे. सवलतीचे पट्टे सोडले तर परवान्याशिवाय रेडिओ संच नुसता बाळगणेही बेकायदा आहे. 1933 च्या कायद्यात तसे होते आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही तसेच आहे. कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी कपाटातला सेट पुराच्या रात्री कामाला येत नाही. एका गृहस्थांनी असाच 'घेऊन ठेवलेला' सेट माझ्याकडे आणला होता. बटण दाबताच लाल दिवा लागला आणि विझला, कारण बॅटरी वर्षभर चार्ज केलेली नव्हती. ती चार्ज करून दिल्यावर ते गृहस्थ बोलण्याचे बटण पुरते दाबण्याआधीच बोलू लागले आणि वाक्य संपण्याआधी त्यांनी ते सोडले. गावाचे नाव आणि माणसांचा आकडा दोन्ही गळून शेजारच्या खोलीतल्या सेटवर 'पाणी आले' एवढेच ऐकू आले. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण ऐकत असेल, हे तर त्यांना ठाऊकच नव्हते. 2001 च्या कच्छ भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले, ते एरवीच्या सरावाच्या बळावर. म्हणून परवान्यासाठी अर्ज आजच करावा, जुलैची वाट पाहू नये. आणि परवाना येईपर्यंत 112 व तालुक्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला हॅम परवान्याची परीक्षा देता येईल का? (निपाणी)

बारा वर्षे पूर्ण असतील तर येईल. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरल श्रेणीसाठी त्यात मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करावा लागतो. सध्याचे शुल्क व परीक्षा केंद्र तेथेच पाहावे, एजंटला पैसे देऊ नयेत.

प्रश्न : गच्चीवर अँटेना लावल्यास विजेची भीती असते का? (शहापूर)

असते. वळवाचे ढग दिसताच केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवावी, आणि अर्थिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.