वाचकांचे प्रश्न : लॉक लायब्ररीचं की आपलं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचं दुखणं एकाच जातीचं आहे: एकापेक्षा जास्त थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आणि त्यांनी एकाच वस्तूला एकदम हात लावू नये म्हणून लावायचं लॉक. सोबत कधी कूटलेखनाची (माहिती गुप्त करण्याची) लायब्ररी, कधी विंडोजवर चाललेलं लिनक्सवर अडणं. म्हणून या वेळचं सदर या चौघांनाच दिलं आहे.

प्रश्न : जिनिंगच्या वजनकाट्याचा सी भाषेतला प्रोग्राम मी सांभाळतो. कापसाच्या प्रत्येक गाडीची पावती डिजिटल सही होऊन सर्व्हरला जाते. जुन्या विंडोज मशीनवर ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीची १.०.२ आवृत्ती होती, आता काट्यावर लिनक्स आणि ओपनएसएसएल ३.० घेतलं. कम्पाइल होतं, पण माझ्या लॉकिंग कॉलबॅकवर (लॉक लावायला-काढायला लायब्ररीनं बोलवायचं माझं फंक्शन) ‘डिफाइन्ड बट नॉट यूज्ड’ अशी वॉर्निंग येते. ते फंक्शन तर मी लायब्ररीला दिलेलं आहे. सीझन सुरू झाला की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, तेव्हा काटा बंद पडून चालणार नाही. लॉक लागतंय की नाही?
(तालुका हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : लॉक लागतंय, पण तुमचं नाही. वॉर्निंग बरोबरच आहे.

१.०.२ पर्यंत ओपनएसएसएल स्वतः कोणत्याच सिस्टिमचं लॉक वापरत नव्हतं. ‘क्रिप्टो_नम_लॉक्स’ला विचारलं की ते ४१ सांगायचं. तेवढी म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी लॉक) आपण तयार ठेवायची आणि ‘क्रिप्टो_सेट_लॉकिंग_कॉलबॅक’मधून एक फंक्शन द्यायचं. लायब्ररी त्याला ‘अमुक नंबरचं लाव’, ‘अमुक नंबरचं काढ’ एवढंच कळवायची. विंडोजवर ते कशानं लावायचं आणि लिनक्सवर कशानं, हा सगळा भार आपल्यावर. कॉलबॅक द्यायचं राहिलं तर लायब्ररी काही न बोलता लॉकशिवायच चालायची, आणि गर्दीच्या दिवशी कुठेतरी कोसळायची.

ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या १.१.० पासून हे बदललं. आता लायब्ररी बांधतानाच ठरतं: लिनक्सवर पीथ्रेडचं (तिथल्या थ्रेडच्या लायब्ररीचं) रीड-राइट लॉक, विंडोजवर विंडोजचं स्वतःचं. जुना कोड मोडू नये म्हणून जुनी नावं हेडरमध्ये ठेवली आहेत, पण ती आता रिकामी मॅक्रो (कम्पाइलआधी मजकूर बदलून टाकणारी नावं) आहेत. तुमच्या फंक्शनचं नाव त्या मॅक्रोत जातं आणि कम्पायलरपर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याला ते न वापरलेलं दिसतं. ‘क्रिप्टो_नम_लॉक्स’ही आता १ एवढंच सांगतं. म्हणजे तुमचा प्रोग्राम एका म्यूटेक्सचा अ‍ॅरे बनवतो आणि त्याला पुढे कोणी हात लावत नाही.

ऑफिसातलं जुनं मशीन अजून १.०.२ वर असेल तर तो कोड पुसू नका, आवृत्ती १.१.० पेक्षा जुनी असेल तरच कम्पाइल होईल अशा अटीत घाला. १.०.२ ची सार्वजनिक दुरुस्ती २०१९ अखेर थांबली आहे, त्यामुळे ते मशीन फार काळ तसं ठेवू नये हे वेगळं. दुसरं, लायब्ररी ‘नो-थ्रेड्स’ पर्यायानं बांधलेली असेल तर आतली लॉक नावापुरतीच असतात. हेडर घेतल्यावर लगेच ‘ओपनएसएसएल_थ्रेड्स’ हा मॅक्रो नसेल तर कम्पाइल अडवणारी ‘#एरर’ची ओळ टाका. एका ओळीत कायमची खात्री होते.

खरा घोळ यापुढे होतो. आतली लॉक लायब्ररीच्या स्वतःच्या वस्तू राखतात: संदर्भांची मोजणी, सेशनचा साठा, यादृच्छिक आकड्यांचा मूळ स्रोत. तुम्ही बनवलेल्या वस्तू नाहीत. एकाच एसएसएल कनेक्शनवर एक थ्रेड वाचतोय आणि दुसरा लिहितोय, हे दिसायला साधं असलं तरी चालत नाही. प्रत्येक कनेक्शन एका थ्रेडकडे द्या, नाहीतर त्याभोवती स्वतःचं म्यूटेक्स ठेवा. ‘एसएसएल_सीटीएक्स’ (सगळ्या कनेक्शनांची सामायिक मांडणी) सगळ्यांत वाटून वापरता येतं, पण प्रमाणपत्रं आणि पर्याय थ्रेड सुरू होण्याआधी लावून मोकळं व्हायचं. मधेच बदल नाही. सहीची खाजगी किल्ली सगळ्या थ्रेडना एकच चालते, सही चालू असतानाची स्थिती ठेवणारा ‘ईव्हीपी_एमडी_सीटीएक्स’ मात्र ज्याचा त्याचा वेगळा हवा.

तुमच्या प्रोग्रामच्या विंडोजवरच्या नव्या आवृत्तीत लायब्ररी स्टॅटिक (प्रोग्रामच्याच फाइलमध्ये) जोडली असेल तर थ्रेड संपण्याआधी ‘ओपनएसएसएल_थ्रेड_स्टॉप’ बोलवा. डीएलएल (वेगळी फाइल) असताना हे आपोआप होतं. स्टॅटिकमध्ये होत नाही आणि दर थ्रेडमागे थोडी मेमरी गळत राहते.

प्रश्न : संत्र्याच्या लिलावाच्या नोंदींचा आमचा प्रोग्राम विंडोजवर दोन वर्षं बिनतक्रार चालला. लिनक्सवर नेला तर पहिल्याच नोंदीला जागच्या जागी थिजतो. सीपीयू शून्यावर. लॉकसाठी मीच एक छोटी फाइल लिहिली आहे: विंडोजवर क्रिटिकल सेक्शन, लिनक्सवर पीथ्रेड म्यूटेक्स. बाकी कोड तोच.
(वरूड, जि. अमरावती)

उत्तर : दोन्ही गोष्टी लॉकच असल्या तरी स्वभाव वेगळा. क्रिटिकल सेक्शन ज्या थ्रेडनं धरलं आहे त्यानं पुन्हा मागितलं तर मिळतं. फक्त जितक्यांदा घेतलं तितक्यांदा सोडावं लागतं. पीथ्रेडचं साधं म्यूटेक्स तसं देत नाही. थ्रेड स्वतःनंच धरलेल्या लॉकची वाट पाहत बसतो आणि ते सोडणारं दुसरं कोणी नसतं. सीपीयू शून्यावर दिसतो तो यामुळेच. तुमच्या कोडमध्ये लॉक घेतलेलं एक फंक्शन दुसऱ्या लॉक घेणाऱ्या फंक्शनला बोलवत असणार.

खात्री अशी करा. कोड ‘-जी’ (तपासणीची माहिती ठेवणारा पर्याय) लावून बांधा. प्रोग्राम थिजला की दुसऱ्या टर्मिनलवरून जीडीबी हा डीबगर त्या प्रोसेसला जोडा आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ द्या. अडलेल्या थ्रेडच्या वरच्या ओळींत ‘एलएलएल_लॉक_वेट’सारखं नाव दिसेल. तिथून खाली उतरत जा. तुमचं लॉक घेणारं फंक्शन त्याच थ्रेडमध्ये वर एकदा आणि खाली त्याला बोलावणाऱ्याच्या पोटात पुन्हा सापडलं, की जागा सापडली. तपासणीपुरतं म्यूटेक्स ‘एररचेक’ प्रकारचं केलं तर थिजण्याऐवजी लॉकचं फंक्शन ‘ईडेडएलके’ हा अडकल्याचा एरर परत देतं. लिनक्सवर तो आकडा ३५. पण त्यासाठी परत आलेली किंमत तपासणारा कोड हवा, आणि लॉकच्या कॉलची किंमत बहुतेकांनी तपासलेलीच नसते.

म्यूटेक्स ‘रिकर्सिव्ह’ केलं की थिजणं थांबेल. तरी आमचा सल्ला तो नाही. लॉकच्या आत पुन्हा शिरणारं फंक्शन अर्धवट बदललेल्या नोंदीवर काम करत असतं, आणि ती चूक मग झाकली जाते. फंक्शनचे दोन भाग करा: बाहेरचं लॉक घेईल आणि आतल्याला बोलवेल, आतलं लॉकला हात लावणार नाही. आतल्या कामात एकमेकांना बोलवायचं ते आतल्यांनीच. उद्या विंडोजवर वेगासाठी एसआरडब्ल्यू लॉक घ्यावंसं वाटलं तरी हा कोड टिकेल, कारण तेही त्याच थ्रेडला दुसऱ्यांदा मिळत नाही.

दोन लॉक असतील तर सगळीकडे एकाच क्रमानं घ्या. पांदणीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की जे होतं तेच दोन थ्रेडचं होतं, आणि थ्रेडला मागे सरता येत नाही.

प्रश्न : दूध संकलन केंद्रांच्या नोंदी एईएस-जीसीएम या पद्धतीनं कूटबद्ध करतो. चार थ्रेड, सगळ्या कूटलेखनाला एकच लॉक. फार हळू चालतं. लॉक काढलं तर?
(मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : कूटलेखनावरचं काढा, नॉन्सवरचं (दर नोंदीला लागणारा, एकदाच वापरायचा आकडा) ठेवा. प्रत्येक थ्रेडला कूटलेखनाची चालू स्थिती ठेवणारा स्वतःचा ‘ईव्हीपी_सिफर_सीटीएक्स’ द्या, मग कूटलेखनाला लॉकची गरजच नाही. १२ बाइटचा नॉन्स मात्र एकाच किल्लीखाली दोनदा येता कामा नये. आला तर दोन्ही नोंदींचा एक्सऑर (बिटाबिटांतला फरक) उघडा पडतो, आणि तारीख-लिटर-फॅट अशा ठरलेल्या साच्याच्या नोंदी त्यातून ओळखणं सोपं असतं. शिवाय खोट्या नोंदी घुसवायला लागणारी आतली किल्लीही काढता येते.

म्हणून नॉन्सचे पहिले ४ बाइट केंद्राचा क्रमांक, उरलेले ८ बाइट काउंटर. काउंटर वाचून एकानं वाढवायचा, एवढ्यापुरतंच म्यूटेक्स.

आता लोडशेडिंगचं. वीज गेली, मशीन परत सुरू झालं, काउंटर पुन्हा शून्यावरून निघाला आणि किल्ली तीच, तर सगळे जुने नॉन्स परत वापरले जातात. लॉक कितीही नीट असलं तरी. म्हणून काउंटर १०,००० च्या गठ्ठ्यानं राखून ठेवा. १०,००० ते १९,९९९ वापरण्याआधी फाइलमध्ये २०,००० लिहा आणि ते डिस्कवर पक्कं करणारं ‘एफसिंक’ करा (विंडोजवर ‘फ्लशफाइलबफर्स’). ते परत आल्याशिवाय त्या गठ्ठ्यातला पहिला आकडासुद्धा द्यायचा नाही. १०,१३७ वापरून झाल्यावर वीज गेली तर पुढची सुरुवात २०,००० पासून. मधले ९,८६२ आकडे वाया गेले तरी ८ बाइटच्या काउंटरला ते जाणवतही नाहीत.

प्रश्न : सर्व्हर आधी चार थ्रेड सुरू करतो आणि मग दर जोडणीला ‘फोर्क’ करतो (स्वतःची प्रत काढून नवी, म्हणजे पोराची प्रोसेस सुरू करतो). आठवड्यातून एखाद वेळा पोराची प्रोसेस लटकते. लॉग रिकामा.
(पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : फोर्कनंतर पोरात एकच थ्रेड उरतो, ज्यानं फोर्क केलं तो. पण मेमरी सगळी जशीच्या तशी येते, लॉकसकट. त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडनं मेमरी वाटपाचं, लॉगचं किंवा तुमचं एखादं लॉक धरलेलं असेल तर पोरात ते धरलेलंच राहतं आणि सोडणारा थ्रेड तिथे नसतो. ती घडी नेमकी जुळावी लागते, म्हणून आठवड्यातून एकदाच.

फोर्क थ्रेडच्या आधी करा. ते जमत नसेल तर फोर्कनंतर लगेच ‘एक्झेक’ (पोरात नवा प्रोग्राम चढवणं), मध्ये काहीही नाही. मॅलॉक किंवा प्रिंटएफसुद्धा नाही. फोर्कच्या आधी-नंतर आपली फंक्शनं बोलवणाऱ्या ‘पीथ्रेड_अ‍ॅटफोर्क’नं फक्त आपली लॉक सांभाळता येतात, दुसऱ्यांच्या लायब्ररीतली नाहीत. यादृच्छिक आकड्यांची काळजी ओपनएसएसएल १.१.१ पासून पुढे लायब्ररीच घेते: फोर्क झालेलं ओळखून पोरात नव्यानं बीज भरते. लटकण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तिथे क्रमच बदलावा लागेल.